पुण्यपीठाचे लाल आकडे

गुरुवारी सकाळी डेअरीत दूध घालून झालं की अख्खी वाडी सावळेराम सरपंचांच्या शेडकडे निघायची. एरवी त्या शेडमध्ये बाया टोमॅटो निवडून क्रेट भरायच्या. हंगाम सरला, क्रेट कोपऱ्यात रचले गेले आणि रिकाम्या जागेत अंकनाथ महाराज येऊन बसले. खोडदच्या अलीकडची ही वाडी, घरं जेमतेम दीडशे. पण त्या दिवशी मंचर-नारायणगावपासून पार आहुप्यापर्यंतची माणसं लोटली होती. चपलांचा ढीग रस्त्यावर आला होता.

महाराजांपुढे लाल मखमलीने झाकलेला बुटका चौरंग होता. त्याचं नाव पुण्यपीठ. त्यातून निघालेली वायर एका काळ्या डब्याला जोडलेली आणि डब्यावर लाल दिव्यांचे आकडे. अनवाणी पायांनी पीठावर चढायचं, डोळे मिटायचे, श्वास रोखायचा आणि अजिबात हलायचं नाही. नुसता आकडा उमटला तर तेवढं पुण्य. आकड्याआधी आडवी रेघ आली तर तेवढं पाप.

"आकडा मी देत नाही, बच्चा. आकडा वरून येतो. मी नुसता पोस्टमन," असं महाराज दर पाच मिनिटांनी सांगत. पोस्टमनच्या बोटांत चार अंगठ्या होत्या.

लोकांनी विश्वास ठेवला, कारण लाल आकड्यांवर विश्वास ठेवायची त्यांना सवय होती. डेअरीच्या काट्यावर सकाळ-संध्याकाळ असेच लाल आकडे उमटतात आणि वीस वर्षांत त्या काट्याने कुणाचं दूध कमी दाखवलं नव्हतं. माणूस खोटं बोलेल, लाल आकडा बोलणार नाही, हे वाडीच्या हाडीमाशी खिळलं होतं. महाराजांनी नेमकं हेच हेरलं होतं.

सरपंच पीठावर चढले. २६,४६४. एवढं पुण्य त्या दिवशी कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. त्यांचा तिसरीतला नातू शौर्य चढला, २४,३००. आज्याच्या मांडीवर नातवानं पुण्यच पिलंय, असं महाराज म्हणाले आणि सरपंचांनी मिशीवरून हात फिरवला. लहान पोरांपैकी एकाचाही आकडा उणे येत नव्हता. लेकरं निष्पाप असतात ते यंत्रालाही कळतं, म्हणून बाया डोळ्यांना पदर लावत होत्या.

मग खंडूबाबा चढला. सत्तरी उलटलेला, हाडं मोजून घ्यावीत असा माणूस. जन्मभर त्याने दुसऱ्यांची गुरं राखली आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात राहिला. डब्यावर आकडा आला उणे ३२,४३६. शेडमध्ये चुळबूळ झाली. इतकं पाप अजून कुणाचं निघालं नव्हतं.

"गोहत्या," महाराज डोळे मिटूनच म्हणाले. "ह्या जन्मी नसेल तर मागच्या."

"म्या कदी मुंगी मारली न्हाई वो," खंडूबाबा म्हणाला. पण बाया सरकून बसल्या, त्याच्या वाटेतली पोरं मागे ओढली गेली. म्हातारा खाली मान घालून त्या ढिगात आपल्या चपला शोधत राहिला आणि एकानेही त्याला मदत केली नाही.

क्रेटच्या थप्पीला टेकून तेजस्विनी हे बघत होती आणि तिचं डोकं तापलं होतं. ती ह्याच वाडीतली, बुद्धविहारामागच्या घरातली. मंचरजवळच्या एका पॉलिटेक्निकमध्ये पोरांना सी शिकवायची. सी म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायची एक जुनी भाषा. ती आली होती वृषालीसाठी. दोघी पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या. वृषाली पुढे वाडीतच भरतला दिली. भरत चाकणच्या कंपनीत, पंधरा दिवसांनी घरी यायचा. वृषालीला सातवा सरत आला होता आणि अंगात रक्त इतकं कमी की नर्सबाईंनी कार्डावर लाल पेनाने खूण केली होती.

तीन आठवड्यांपूर्वी वृषालीचा आकडा उणे ९,३३६ आला होता. सासूचा, साळूबाईचा, अधिक २,४६४. सासू पुण्यवान आणि सून पापी, हा निकाल कुठल्याही घरात पटकन मान्य होतो. महाराजांनी उपाय दिला: एकवीस दिवस एक वेळ भगर, रक्तवाढीच्या गोळ्या बंद, कारण पोटात लोखंड गेलं की देव दूर जातो. एकवीस दिवसांनी हातात सिद्धपिंड घेऊन पुन्हा पीठावर यायचं. सिद्धपिंड म्हणजे चांगला बारा किलोचा काळा दगड होता. कितीतरी लोकांचा उणे आकडा तो दगड उचलताच अधिक झाला होता. शेडमध्ये जयजयकार व्हायचा तो तेव्हाच.

वृषाली पीठावर चढली तेव्हा तिच्या पायांची सूज तेजस्विनीला लांबूनही दिसली. तिने दगड छातीशी धरला. आकडा उमटला, उणे ९३६.

महाराजांनी उसासा सोडला. पाप बरंच जळालंय, थोडकंच उरलंय, असं ते म्हणाले. आणखी एकवीस दिवस भगर. बाळंतपण दवाखान्यात नको, इथेच पीठासमोर होऊ दे, नाहीतर उरलेलं पाप लेकराच्या माथी बसेल. साळूबाईने हात जोडले.

तेजस्विनी पुढे झाली आणि तिने सरळ विचारलं, सात महिन्यांच्या गरोदर बाईला उपाशी ठेवा असं ह्या डब्यात नेमकं कुठे लिहिलंय. डबा उघडून दाखवा.

"तेजस्विनी," सरपंच बसल्या जागेवरून म्हणाले, "तू शिकलीस, आमाला बरं वाटतं. पण तुमी बौद्ध लोकं. आमच्या देवाधर्मात तुमचं काय काम? गप ऱ्हायचं असंल तर ऱ्हा."

ती क्रेटच्या थप्पीकडे मागे सरली. पण डोळ्यांसमोर आलेला प्रत्येक आकडा तिने मोबाइलमध्ये टिपून घेतला.

घरी येऊन तिने ते आकडे एकाखाली एक लिहिले. सगळ्यात वरचा २६,४६४, सगळ्यात खालचा खंडूबाबाचा उणे ३२,४३६. हा खालचा आकडा बघून ती चपापली. दर वर्षी पहिल्या आठवड्यात ती फळ्यावर लिहायची: दोन बाइटच्या 'इंट'मध्ये, म्हणजे संख्या ठेवायच्या छोट्या मापात, उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंत संख्या मावतात. परीक्षेत दोन मार्कांना येतं, पाठ करा. तिच्या टिपणातला एकही आकडा ह्या कुंपणाबाहेर नव्हता. देवाला पापपुण्य मोजायचं होतं तर तो बरोबर त्याच मापात कसा काय अडकला?

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर शौर्य भेटला. तिने सहज विचारलं, शाळेत आरोग्य तपासणी झाली त्यात तुझं वजन किती भरलं रे? चोवीस किलो तीनशे ग्रॅम, पोराने ऐटीत सांगितलं. पुण्य चोवीस हजार तीनशे. तेजस्विनीने तिथेच स्कूटर थांबवली आणि मोबाइलवर बेरजा मांडल्या. उणे आलेल्या प्रत्येक आकड्यात तिने ६५,५३६, म्हणजे दोन बाइटच्या मापाची एक पूर्ण फेरी, मिळवले. खंडूबाबा तेहतीस किलो शंभर ग्रॅम. वृषाली, तीन आठवड्यांपूर्वीच्या आकड्यावरून, छप्पन्न किलो दोनशे. पीठ म्हणजे वजनाचा काटा होता.

ती तडक वृषालीच्या घरी गेली. वृषाली ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, ओठ पांढरे पडलेले. ती हळूच म्हणाली, पोटातलं बाळ हल्ली कमी हलतं. साळूबाईने तेजस्विनीचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"वजन म्हंतीस. मंग वजनाला उणं असतंय का कुटं?"

प्रश्न बिनतोड होता. तेजस्विनी बाइट आणि बिट समजावायला गेली, तर साळूबाई उठून म्हशीला वैरण टाकायला निघून गेली. फळ्यावर जे शिकवता येतं ते ओट्यावर सांगता येत नाही, हे त्या दिवशी तेजस्विनीला फार लागलं.

असा काटा कोण बनवेल? नारायणगावात वजनकाटे दुरुस्त करणारा सुदर्शन तिचाच जुना विद्यार्थी. शनिवारी ती त्याच्या दुकानात गेली. तिने आकडे दाखवले आणि त्याचा चेहराच पडला. तो काटा त्याचाच होता, डिप्लोमाच्या प्रोजेक्टचा. ग्रॅममध्ये वजन दाखवणारा, दूध डेअरीसाठी. तेजस्विनीनेच त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले होते.

"कॉलेजच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम बरोबर चालला व्हता, मॅडम," तो म्हणाला. "तिथं इंट चार बाइटचा. काट्यातल्या स्वस्त चिपवर इंट दोनच बाइटचा. आपण वीस किलोचं माप ठेवून तपासलं, म्हणून कळलं न्हाई. डेअरीवाल्यांनी भरलेलं कॅन ठेवलं तर आकडा उणे आला. त्यांनी त्याच दिवशी माघारी धाडला. मी भंगारात टाकला."

भंगारवाल्याकडून तो उचलला होता हौशीराम नावाच्या माणसाने. कांद्याच्या काट्यावर हमाली करता करता त्याने पाहिलं की ह्या बिघडलेल्या काट्यावर मुलं नि जाडी माणसं अधिक येतात आणि मधली सगळी उणे. का येतात हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. तोच दाढी वाढवून अंकनाथ झाला होता.

तेजस्विनीला महाराजाचा राग होताच, पण तिथे बसल्या बसल्या तिला स्वतःचाही भयंकर राग आला. इंट दोन बाइट, पाठ करा. माप भरून सांडलं की काय होतं, हे तिने एकाही वर्गाला दाखवलं नव्हतं. तिच्या पैकीच्या पैकी मार्कांवर तिची मैत्रीण उपाशी होती.

रविवारीही दरबार भरायचा. महाराज सिद्धपिंडाचा महिमा सांगत असताना शेडच्या दारातून सुदर्शन आत आला. डेअरीतून आणलेलं दुधाचं भरलेलं कॅन त्याच्या खांद्यावर होतं. कुणी काही म्हणायच्या आत त्याने ते पीठावर ठेवलं. लाल आकडे लागले, उणे १८,०३६.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "मशिन बिघडलं वाटतं."

"का?" तेजस्विनीने विचारलं. "कॅन पापी असेल."

काही जण हसले. सरपंच खेकसले की दूध कसं पापी असेल, मशिनच बिघडलंय. तेजस्विनी ह्याचीच वाट बघत होती.

"दुधाच्या कॅनचा आकडा उणे आला तर मशिन बिघडलं. खंडूबाबाचा आला तर खंडूबाबा बिघडला. वृषालीचा आला तर वृषाली बिघडली. डेअरीवाल्यांनी हाच काटा एका दिवसात परत पाठवला होता, कारण ते दुधाला पापी म्हणायला तयार नव्हते. आपण माणसांना म्हणायला तयार झालो."

तिने मखमल ओढली. खाली पत्र्याची चौकोनी तबकडी, कोपऱ्यात पुसट झालेली अक्षरं: कमाल शंभर किलो. महाराज ओरडले की नास्तिकाचा हात लागल्याने पीठ बाटलं.

"काट्याला हात कुणाचा ते कळत नाही," ती म्हणाली. "त्याला ग्रॅम कळतात."

मग तिने सोप्या शब्दांत सांगितलं, ह्या वेळी साळूबाईकडे बघून. गाडीचा किलोमीटरचा आकडा नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवच्या पुढे गेला की पुन्हा शून्यावर येतो. गाडी काही मागे गेलेली नसते, आकडा लिहायची जागा संपलेली असते. ह्या चिपची जागा ३२,७६७ ला संपते आणि तिथून आकडा शून्यावर नाही, पार तळाला जातो, उणे ३२,७६८ वर. तिथून पुन्हा वर चढत येतो. म्हणून पावणेतेहतीस किलोच्या आतली पोरं पुण्यवान. साडेपासष्ट किलोच्या आसपास तो शून्य ओलांडतो, म्हणून त्याच्या वरचे खातेपिते पुण्यवान. मधली सगळी बारीक माणसं, राबणारी, अर्धपोटी, ती पापी. आणि बारा किलोचा दगड घेतला की काही जण शून्याच्या वर जातात, त्याला हा शुद्धी म्हणतो.

"बोलायला कोणीबी बोलंल," सरपंच म्हणाले. "करून दाखव."

सुदर्शनने लॅपटॉप जोडला. प्रोग्रॅममध्ये वजन ठेवायचं माप त्याने इंटवरून लाँग केलं, म्हणजे दोन बाइटचं चार बाइटचं, आणि तो चिपमध्ये भरला. पुन्हा कॅन ठेवलं. उणे १८,०३६.

महाराज खदाखदा हसले. देवाचा आकडा तुमच्या तारेने बदलतो होय, असं म्हणत त्यांनी हात वर केले आणि निम्म्या शेडने जयजयकार केला. साळूबाईने तोंड फिरवलं. तेजस्विनी मात्र स्क्रीनवर वाकली. तिने एक एक ओळ वाचली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"माप मोठं केलंस रे, पण वाचणारा अजून जुन्याच मापाने वाचतोय. छापायच्या ओळीत परसेंट डीच आहे. चार बाइटमधले दोनच वाचून तो मोकळा होतो. परसेंट एल डी कर."

सुदर्शनने एक अक्षर वाढवलं. कॅन पुन्हा ठेवलं. ४७,५००. सत्तेचाळीस किलो पाचशे, जसं डेअरीत भरतं तसं.

आता सरपंचांना राहवेना. पुण्य जागेवर आहे की नाही बघायला ते स्वतःच चढले. ९२,०००. ब्याण्णव किलो. बाया पदराआड हसू लागल्या आणि सरपंच घाईने खाली उतरले. हशा ओसरला तेव्हा महाराजांची जागा रिकामी होती. मागच्या दारातून गेलेला हौशीराम दोन तासांनी फाट्यावर पोलिसांच्या हाती लागला. जादूटोणाविरोधी कायद्याखाली त्याच्यावर गुन्हा दाखल झाला.

पण साळूबाईला हसू आलं नव्हतं. ती पुढे आली आणि म्हणाली, "माज्या सुनेचं बघ." वृषाली चढली. ५२,६००.

"पहिल्यांदा किती व्हतं?"

"छप्पन्न किलो दोनशे, मावशी. पोट वाढतंय आणि तीन आठवड्यांत तीन किलो सहाशे ग्रॅम उतरलंय. उपास केला नसता तर दगड घेतल्यावर ती ह्याच काट्यावर पुण्यवान ठरली असती. जितकं उपाशी ठेवलं तितकी ती खाली गेली, आणि खाली गेली म्हणून आणखी उपास सांगितला."

साळूबाई मटकन खाली बसली. "गाभण म्हशीला आमी कदी उपाशी ठेवलं न्हाई," ती म्हणाली. "म्हशीला न्हाई, आन् हिला ठेवलं."

तिचं सांत्वन कुणी केलं नाही, आणि करूही नये. तिने मात्र वेळ घालवला नाही. स्वतः जीप बोलावली, सुनेला आधार देऊन चढवलं आणि तेजस्विनीला शेजारी बसायला लावलं.

सरकारी दवाखान्यात नर्सने वृषालीला वजनकाट्यावर उभं राहायला सांगितलं. वृषाली दोन पावलं पुढे गेली आणि थबकली. तिने डोळे घट्ट मिटून घेतले आणि श्वास रोखून धरला, शेडमध्ये शिकवलं होतं तसा.

"श्वास घे गं," तेजस्विनी म्हणाली. "डोळे उघड. तू स्वतः बघ आणि विचार."

वृषालीने डोळे उघडले. काट्यावर चढली आणि नर्सला म्हणाली, "बाई, हा आकडा कशाचा आहे?"

"वजनाचा. दुसरा कशाचा असणार?" नर्स म्हणाली आणि लिहून घेतलं. मग पोटाला यंत्र लावून तिने बाळाचे ठोके ऐकवले. ते चालू होते. वृषालीला त्याच दिवशी भरती करून रक्त चढवलं.

एवढा एक प्रश्न शेडमध्ये शेकडो माणसांपैकी कुणी विचारला नाही: हा आकडा कशाचा आहे? यंत्र खोटं बोलत नाही हे खरं, पण त्याला बोलायला शिकवतो तो माणूस असतो आणि त्या बोलण्याचा अर्थ सांगतो तोही माणूसच. एक चुकतो, दुसरा फसवतो. म्हणून आकडा लाल असो की हिरवा, काट्यावरचा असो की मोबाइलवरचा, त्याच्यापुढे हात जोडू नका. तो कशाचा, कुणी मोजला, कुठल्या मापात ठेवला, ते विचारा. उत्तर देणारा चिडला तर आणखी मोठ्याने विचारा, कारण गप्प राहिल्याचं मोल नेहमी घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाला चुकवावं लागतं.